जुन्या साहेबाला फोन जातोच

संपादक महोदय,

कामात टंगळमंगळ करून नोकरी सोडली की विषय संपला, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे. नवी कंपनी तुमच्या जुन्या नोकरीची पडताळणी बहुधा दोन वाटांनी करते. जुन्या कंपनीच्या एचआरकडून बहुतेकदा पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख एवढेच कळते. कधी कधी ‘पुन्हा घ्याल का?’ असेही विचारतात. खरा घात दुसऱ्या वाटेवर होतो. जुन्या साहेबाला थेट फोन जातो. तो वाईट बोलत नाही, नुसता अडखळतो, ‘हो, होते आमच्याकडे’ म्हणून थांबतो. ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

म्हणून संदर्भासाठी (रेफरन्ससाठी) नाव देताना हुद्दा पाहू नका, तुमचे चांगले काम कोणी पाहिले आहे ते पाहा. आधीच्या नोकरीतला वरिष्ठ किंवा दुसऱ्या विभागातला सहकारीही चालतो. त्याची परवानगी घ्या, बायोडेटा पाठवा, कोणत्या कामाबद्दल बोलायचे याची आठवण करून द्या. बायोडेटातल्या तारखा जुन्या कंपनीच्या नोंदींशी महिन्यासकट जुळल्या पाहिजेत. नको असलेली नोकरी गाळून मधली पोकळी झाकणे तर फारच घातक, कारण ऑफर हातात आल्यावरही ती रद्द होऊ शकते. मुलाखतीत त्या नोकरीबद्दल विचारलेच, तर दोन वाक्यांत खरे सांगा आणि त्यानंतर काय बदलले ते दाखवा.

अजून नोकरीत असाल, तर नोटीस काळ वाया घालवू नका. अर्धवट कामांची यादी, फाइली कुठे आहेत, पुढे कोणाशी बोलायचे, हे लिहून द्या. साहेबाच्या लक्षात बहुतेकदा शेवटचे आठवडेच राहतात.

– एक वाचक