पोटात सगळं उलटंसुलटं असलेल्या बाळाबद्दल

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

बाळाचे रिपोर्ट पाहिले. बिलिअरी अट्रेशिया (पित्तनलिका बंद), एकाऐवजी बऱ्याच छोट्या प्लीहा, लिव्हर मधोमध, आतड्यांचं मालरोटेशन, म्हणजे आतडी चुकीच्या जागी वळलेली. हे चार आजार नाहीत, एकाच दोषाची चार तोंडं आहेत. ‘इतकं बिघडलंय तर लिव्हर ट्रान्सप्लांट कसलं’ असं आईबापांना कुणी सांगितलं असेल, तर ते आधी त्यांच्या डोक्यातून काढ. या बाळांना नकार मिळतो तो सहसा हृदय-फुफ्फुसांमुळे.

म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी, तोही बबल कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेला. यांच्यात हेपॅटोपल्मोनरी सिंड्रोम, म्हणजे लिव्हरच्या आजारानं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंदावून ऑक्सिजन घटणं, लवकर येतो. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन आडवं ठेवून आणि मांडीवर बसवून, दोन्ही घे; बसवल्यावर घसरलं तर संशय धर. अर्थात त्यावर इलाज ट्रान्सप्लांटच. फुफ्फुसातला दाब खूप चढलेला असेल आणि औषधांना जुमानत नसेल, तर मात्र गाडी अडते.

मग रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओ. लिव्हरमागची आयव्हीसी, म्हणजे खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, बहुधा नसेलच. पायांकडचं रक्त पाठीच्या कण्याजवळच्या अझायगस शिरेतून वर जातं आणि हेपॅटिक (लिव्हरच्या) शिरा थेट हृदयात उघडतात. सर्जनच्या हे पथ्यावरच पडतं, कारण त्या शिरांवर क्लॅम्प लावला तरी खालच्या अंगाचं रक्त अडत नाही. पण उद्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये कुणी ती अझायगस बांधली, तर संपलंच. तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेव.

खरी डोकेदुखी पोर्टल व्हेनची, म्हणजे आतड्यांचं रक्त लिव्हरकडे आणणाऱ्या शिरेची. ती ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) पुढून जात असेल तर सोडवताना फाटते. त्यात अट्रेशियात ती मुळातच आखडलेली. 4 मिलिमीटरच्या आतली असली तर नव्या लिव्हरला नुसतं जोडून भागत नाही, प्रवाह मंदावून गुठळी होते. मग शिरेचा पॅच लावून ती रुंद करतात, नाहीतर मध्ये तुकडा घालतात. पहिल्या आठवड्यात रक्तप्रवाह बघायला रोज डॉपलर होतो तो यासाठी आणि हेपॅटिक आर्टरीसाठी (लिव्हरच्या धमनीसाठी). मालरोटेशनचं त्या मानानं सोपं, आतडी सोडवून नीट ठेवायची लॅड्स प्रोसीजर त्याच वेळी उरकते.

आता वजन. आईच्या लिव्हरचे सेगमेंट 2 आणि 3 (डावीकडचा, दान करायचा तुकडा) मिळून धर 250 ग्रॅम. बाळ 7 किलोचं असेल तर त्याच्या वजनाच्या साडेतीन टक्के, छान. साडेपाच किलोचं असेल तर साडेचार. 4 टक्क्यांवर गेलं की पोट बंद होत नाही, आणि ओढूनताणून शिवलं तर दाबानं लिव्हरचाच रक्तपुरवठा तुटतो. मात्र काट्यावर विसंबू नकोस, त्यात जलोदराचं पाणीही मोजलं जातं. दंडाचा घेर माप. एमसीटीचं (सहज पचणाऱ्या चरबीचं) दूध, रात्रभर नळीनं संथ फीड, ए-डी-ई-के जीवनसत्त्वं आजपासून.

प्लीहा पुष्कळ असल्या तरी कामाच्या असतीलच असं नाही. रक्ताच्या स्मिअरमध्ये हॉवेल-जॉली बॉडीज (प्लीहा काम करत नसल्याची खूण असलेले लाल पेशींतले ठिपके) बघ, न्यूमोकोकलची लस चुकवू नकोस. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) द्यायची तर ऑपरेशनच्या किमान 4 आठवडे आधी, नंतर जिवंत लशी सहसा देता येत नाहीत.

आईचा रक्तगट जुळला नाही तर आजीचंही बघ, अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नात्यात धरली जाते. सीटीची सीडी पाठव, फिल्म नको.

तुझा,
मिलिंद