जिभेचा तो नकाशा भिंतीवरून काढा

संपादक महाशय,

कालच्या बालवाडीच्या पानावर पुन्हा तोच जिभेचा नकाशा : शेंड्याला गोड, कडेला आंबट-खारट, मुळाशी कडू. वर ‘कापून भिंतीला लावा’ अशी सूचना. म्हणजे आज कितीतरी अंगणवाड्यांत तो चिकटलाही असेल. कृपया तो मागे घ्या, चूक आहे.

डेव्हिड हॅनिग या जर्मन संशोधकाला १९०१ मध्ये जिभेच्या कडेकडेने चव कळण्यात किंचित कमीजास्त फरक दिसला, एवढेच. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखात तो फरक भलताच मोठा दिसू लागला आणि हे कप्पे पाठ्यपुस्तकांत घुसले. जिथे चवीच्या कळ्या आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात. मधोमध कळ्या अगदी थोड्या असतात, तेवढे खरे.

हे मुलांना करूनच दाखवता येते. अर्धा पेला पाण्यात चमचाभर साखर, दुसऱ्यात पाव चमचा मीठ, तिसऱ्यात अर्धे लिंबू, चौथ्यात चमचाभर मेथ्या रात्री भिजवून गाळलेले पाणी. कापूस गुंडाळलेली काडी दर वेळी नवी घ्यायची. तोंडात गेलेली पुन्हा पेल्यात बुडवायची नाही. आधी शेंड्याला, मग कडेला टेकवायची. मुळाशी जाऊच नये, मुलाला ओकारी येते. साखर, मीठ, लिंबू, मेथी यांची चित्रे समोर मांडायची आणि जीभ बाहेरच ठेवून मुलाने ओळखलेल्या चवीच्या चित्रावर बोट ठेवायचे. प्रयोग फसतो तो इथेच : जीभ आत गेली की लाळेबरोबर चव सगळीकडे पसरते. मधे साध्या पाण्याची चूळ. मेथी शेवटी, कारण कडू रेंगाळते. शेंड्यालाच मेथी लागल्यावर चार वर्षांच्या लेकराचे तोंड कसे वाकडे होते, ते पाहावे. त्या नकाशाप्रमाणे तिथे कडू कळायलाच नको!

त्याहून गंभीर म्हणजे खालचा ‘डोळे बांधून ओळखा’ हा खेळ. त्यात शेंगदाणे आणि फुटाणे आहेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये. हसताना, दचकताना तो श्वासनलिकेत जातो, आणि डोळे बांधलेले मूल दचकणारच. त्याऐवजी गुळाचे पाणी द्या, पिकलेल्या केळाची मऊ फोड द्या. एकच फडके सगळ्यांच्या डोळ्यांना बांधले तर एकाचे आलेले डोळे आठवड्यात वर्गभर होतात. मुलांनी स्वतःच्या तळहातांनी डोळे झाकले तरी पुरते.

शरीराच्या तक्त्याबद्दलही सांगते. आमच्या परभणी-हिंगोलीकडे लेकरू ‘टोंगळा दुखतो’ म्हणते, म्हणजे गुडघा. तुमच्या तक्त्यात फक्त ‘नी’ आणि ‘एल्बो’. पडून आलेल्या लेकराला दुखरी जागा आधी घरच्या शब्दात सांगता आली पाहिजे. टोंगळा, गुडघा, कोपर, घोटा, टाच हे शब्द आधी छापा, इंग्रजी नावे खाली बारीक अक्षरात द्या.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चित्रासह यावी, ही विनंती.

– एक निवृत्त मुख्यसेविका, जि. परभणी