आयर्विनच्या वह्या आणि मनूची अकरावी

एडिसन, न्यू जर्सी
18 मे 2025

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलताना मागे मनू असते, तिच्यासमोर हे बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी महत्त्वाचं. मी आणि मनू 2 जुलैला सांगलीत पोचतोय. पाच आठवडे राहणार. तिकिटं काढून झाली.

आता मागचं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आलो नाही, तेव्हा मी तुम्हांला सांगितलं, "मनूचा अभ्यास आहे." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं सांगायला वर्ष लागलं मला.

बाबा, गणपतीत तुम्ही फोनवर विचारलंत, "हार्वर्ड म्हणता, तर तिथं किती मार्कांना घेतात?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की तसा आकडाच नाही. माझ्या बारावीला कसं सरळ होतं! तुम्ही पहाटे साडेचारला उठवायचात, आई चहा ठेवायची, चटईवर बसून तीन तास गणितं, मग सायकल काढून विलिंग्डन कॉलेज. पीसीएमची, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताची, बेरीज जमली तर वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, नाहीतर दुसरं काहीतरी. वाट अवघड होती, पण डोळ्यांना दिसत होती. तुम्हीही माझ्यासोबत ती चालू शकत होता.

इथे तसं नाही. गेल्या वर्षी, 2024 मध्ये, हार्वर्डला 54,008 मुलांनी अर्ज केले आणि त्यांनी 1,937 जणांना बोलावलं. शंभरातले चारसुद्धा नाहीत. आणि अर्ज करणारी मुलं काही अशीतशी नसतात, सगळ्या विषयांत ए मिळवलेली हजारो असतात. मार्क लागतातच, पण ते उंबऱ्यापर्यंत नेतात. पुढे कोणाला आत घ्यायचं हे बंद खोलीत काही माणसं बसून ठरवतात, आणि का घेतलं, का नाही, हे कोणी सांगत नाही.

ती माणसं बघतात तरी काय? नववीपासूनची चारही वर्षं. नुसते मार्क नाहीत, तर शाळेत जे सगळ्यांत अवघड विषय शिकवतात त्यातले किती घेतले हे. एपी म्हणून कॉलेजच्या पातळीचे विषय असतात, त्यांची परीक्षा मे महिन्यात, पाचपैकी गुण. मनूनं यंदा चार घेतले होते. परवा शुक्रवारी शेवटचा पेपर झाला आणि ती घरी येऊन बूट न काढता झोपली. त्याशिवाय सॅट म्हणून प्रवेशासाठीची परीक्षा, 1600 गुणांची. कोविडच्या काळात बहुतेकांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीनं 2022 मध्ये परत सक्तीची केली, हार्वर्डनं 2024 मध्ये. त्यामुळे आमच्याकडे ऐन दहावीच्या शेवटी सगळा हिशोब बदलला. मग दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, 650 शब्दांचा एक निबंध, शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध.

आणि त्या दहा ओळी.

कॉमन ॲप नावाचा एक फॉर्म असतो, तो भरला की बऱ्याच कॉलेजांना जातो. त्यात शाळेबाहेर तुम्ही काय काय करता हे लिहायला दहा जागा असतात. प्रत्येक जागेत वर्णनाला 150 अक्षरं. अक्षरं, शब्द नाहीत. बाबा, त्या दहा जागांनी मला दोन वर्षं धड झोपू दिलं नाही. इथे शनिवारी कोणाकडे जेवायला गेलं की आमटी वाढेपर्यंत विषय तोच. कोणाच्या मुलानं संस्था काढली, कोणाच्या मुलीचा शोधनिबंध छापून आला, कोणाचा मुलगा अनाथाश्रमात जाऊन कोडिंग शिकवतो. मी घरी येऊन कागदावर मनूच्या ओळी मोजायची. शाळेचा वाद्यवृंद, गणित मंडळ, रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणं. तीन. चौथी काय?

अशात ते पत्र आलं. एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात तीन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम, "तुमच्या मुलीची निवड झाली आहे," जाड कागदावर. फी सात हजार डॉलर. मी भरली. नंतर शाळेच्या समुपदेशकबाईंनी हळूच सांगितलं, की असे पैसे भरून होणारे वर्ग प्रवेश समितीच्या लेखी फार काही नसतात. ज्यांना खरंच मान आहे त्यांतले काही फुकट असतात. एमआयटीत आरएसआय म्हणून एक आहे, साधारण शंभर मुलं घेतात आणि एक पैसा घेत नाहीत. तिथे शिरणं हार्वर्डइतकंच कठीण.

पैशांचं दुःख आहे, पण ते मोठं नाही. मोठं हे आहे, की मनूला गेल्या उन्हाळ्यात सांगलीला यायचं होतं. आणि का यायचं होतं हे तिनं मला सांगितलं होतं.

तुम्हांला आठवत असेल, त्याआधीच्या वर्षी ती आली तेव्हा तुम्ही तिला सोबत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर घेऊन जायचात. खांबावरचे फुटांचे आकडे कसे वाचायचे ते तिला दाखवलंत. घरी आल्यावर पोटमाळ्यावरून वह्या काढून दिल्यात. तारीख, वेळ, फूट, इंच, आणि समासात रेडिओवर ऐकलेला कोयना धरणाचा विसर्ग. 1989 पासूनचे सगळे पावसाळे. मी त्या वह्या लहानपणापासून बघत आले आणि मला ती तुमची सवय वाटायची, जशी आईची तुळशीला पाणी घालायची. मनूला त्यात वेगळंच दिसलं. परत आल्यावर विमानतळावरून घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आई, कोयनेतून सोडलेलं पाणी आयर्विनला किती तासांनी पोचतं, ते या वह्यांवरून काढता येईल. नदी आधीच भरलेली असताना वेगळं येईल आणि रिकामी असताना वेगळं." पुढच्या उन्हाळ्यात येऊन सगळं संगणकावर उतरवायचं, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. सात हजार डॉलर भरून तिला दुसरीकडे पाठवलं. तिथल्या वसतिगृहातून ती रोज रात्री तुम्हांला फोन करून "आजोबा, आज किती फूट?" विचारायची, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

इथवर झालं ते झालं. त्याच्या पुढचं लिहायला जास्त जड जातंय. या फेब्रुवारीत मी परत तो दहा जागांचा कागद घेऊन बसले होते, आणि मला एकदम वह्या आठवल्या. मी मनूला म्हटलं, "अगं, हे तर सोनं आहे! पस्तीस वर्षांची नदीची नोंद, आजोबा, नात, महापूर. हे फॉर्ममध्ये घाल, निबंधही यावरच लिही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ते आजोबांचं आहे. त्याची ओळ नाही करायची."

मी चिडले. तिला समजत नाही, बाकीची मुलं काय काय करतात, असं बरंच बोलले. ती वर गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की तिच्या आयुष्यात जी एक गोष्ट तिनं कोणी न सांगता, कशासाठी म्हणून नाही, अशी धरली होती, त्यावरसुद्धा मी हात ठेवायला निघाले होते. बाबा, तुम्ही मला पहाटे उठवायचात, पण माझी चित्रांची वही कधी मागितली नाहीत.

मी तिची माफी मागितली. उद्या तिला स्वतःला त्यावर लिहावंसं वाटलं तर ती लिहील. मी विचारणार नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. आम्ही आलो की काका, आत्या, शेजारचे, सगळे विचारणार, "हार्वर्डला जाणार का?" तुम्ही तो विषय तिथेच थांबवा. आई, हे तू चांगलं करशील, तू एकदा "पोरीला जेवू द्या" म्हणालीस की कोणाची टाप नाही. तिनं अजून यादीही पक्की केलेली नाही. अर्ज 1 ऑगस्टला उघडतात, लवकरच्या फेरीची तारीख 1 नोव्हेंबर, बाकीचे जानेवारीच्या सुरुवातीला, आणि शेवटचे निकाल मार्चअखेर. लवकरच्या फेरीत एक प्रकार असाही आहे, की त्यात घेतलं तर तिथेच जावं लागतं, दुसरीकडे बघता येत नाही. ते करायचं का, हे अजून ठरत नाही, कारण पैशांचाही प्रश्न आहे. मोठ्या खाजगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च आता वर्षाला 90,000 डॉलरच्या वर गेलाय. हार्वर्ड-येलसारखी विद्यापीठं हुशारीवर शिष्यवृत्ती देत नाहीत, घरची मिळकत बघून मदत करतात, आणि आमच्यासारख्या दोघं कमावणाऱ्यांना किती मिळेल ते आकडेमोड केल्यावरच दिसेल. रटगर्स हे आमचं राज्याचं विद्यापीठ आहे, घरापासून जवळ, खर्च निम्म्याहून कमी. पाण्याचा अभ्यास करायचा तर तिथेही करता येतो, हे मनूनंच मला शोधून दाखवलं.

आता वह्यांचं. पोटमाळ्यावर ओल धरते, तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडायच्या आधी खाली काढून ठेवा. उन्हात नका घालू, शाई उडेल. मनू प्रत्येक पानाचा फोटो काढणार आहे, मग आकडे उतरवणार आहे. तुमचा सात आणि एक कधी कधी सारखा दिसतो, त्यामुळे तिच्याशेजारी तुम्हांला बसावं लागेल. चष्म्याचा नंबर तपासून घेतला नसेल तर घ्या.

तिचा एक प्रश्न आहे, तो तिनं तुम्हांला विचारायला मुद्दाम राखून ठेवलाय, पण मी आधीच लिहिते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तुम्ही दोघं मिरजेला मावशीकडे होता. वहीत 6 तारखेपासून 13 तारखेपर्यंतची पानं कोरी आहेत. आकडे तर रोज पेपरात येत होते. ती विचारते, आजोबांनी नंतर ते बघून का नाही भरले?

मला उत्तर माहीत आहे असं वाटतं. पण तुम्हीच तिला सांगा.

आईला गुडघ्याचं तेल आणते आहे, दोन बाटल्या.

तुमची,
ताई