खडकाच्या वयासोबत खनिजाचे नावही छापावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धारवाडी खडकांविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेल्या टिपणात एकाच खडकाची दोन वेगवेगळी वये देऊन ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असा शेरा मारला होता. तो मला पटला नाही, कारण ती दोन्ही वये एकाच वेळी खरी असू शकतात.

बेळगावकडचे आपण बेसाल्टवर वाढलेली माणसे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला तो लाव्हा पृष्ठभागावर लवकर निवला, त्यामुळे त्याला वयाचा एक आकडा पुरतो. खानापूर ओलांडून लोंढ्याकडे गेले की मात्र त्याहून कितीतरी जुने, जमिनीखाली दाबात आणि उष्णतेत रूपांतरित झालेले हे धारवाडी खडक लागतात. असे खडक फार सावकाश निवतात आणि त्यांतल्या प्रत्येक खनिजाचे घड्याळ वेगळ्या तापमानाला सुरू होते.

वर्गात दाखवण्यासाठी मी ठेवलेल्या नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकाच्या तुकड्यात काळ्या पट्ट्यांतले बायोटाइट अभ्रक सुईने पापुद्र्यासारखे सुटते. त्यातल्या पोटॅशियमपासून आर्गॉन वायू सतत तयार होतो. परंतु खडक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली उतरेपर्यंत तो निसटून जातो, साठतो तो त्यानंतरच, आणि साठलेल्या वायूवरूनच वय काढतात. हॉर्नब्लेंड हे दुसरे काळे खनिज तोच वायू ५०० अंशांच्या आसपास धरू लागते. झिर्कॉन या खनिजाचे वय त्यातल्या युरेनियमपासून बनलेल्या शिशावरून काढतात; ते तर ९०० अंशांनाही हे शिसे सहसा सोडत नाही, म्हणून त्याचे वय बहुधा स्फटिक घडल्याचे असते, निवल्याचे नव्हे.

समजा, हॉर्नब्लेंडचे वय बायोटाइटपेक्षा १० कोटी वर्षांनी जास्त निघाले. तेवढ्या काळात खडक २०० अंशांनी निवला, म्हणजे दर दहा लाख वर्षांना २ अंश. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान २५ अंशांनी वाढते असे धरले, तर वरचे थर झिजत जाऊन तो खडक दहा लाख वर्षांत जेमतेम ८० मीटर वर सरकला. डोंगर झिजण्याचा हा वेग त्या दोन वयांतल्या फरकावरूनच कळतो, आणि टिपणात नेमका तोच फरक दोष ठरला.

खडक नंतर पुन्हा तापला तर अभ्रकाचे जुने वय पुसले जाते. त्यावरून संशोधकांत खरे वाद होतात. ते अवश्य छापावेत.

माझे विद्यार्थी आपल्या दैनिकाची कात्रणे वहीत चिकटवून आणतात. यापुढे खडकाचे वय देताना ते कोणत्या खनिजाचे आणि कोणत्या पद्धतीने काढले, एवढी एक ओळ सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव