'डार्क'चा शेवटचा सीझन : शनिवारी येण्याआधी

सभासदांनो, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता धरमपेठेत, नेहमीच्या जागी, 'डार्क' या कालप्रवासाच्या जर्मन मालिकेचा तिसरा सीझन सुरू करतोय. ८ पैकी पहिले ३ भाग. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघूनच या. दुसरं जग तिथेच उघडतं, आणि ते विसरलं की पुढचं सगळं निसटतं. कपाळावर केसांची झालर असलेली मार्था त्या दुसऱ्या जगातली, एवढं पक्कं ठेवा. गोष्ट ३३-३३ वर्षांच्या उड्या मारत मागे जाते, म्हणून वर्षांसाठी २०२० मधून ३३-३३ वजा करत जा: १९८७, १९५४, १९२१, १८८८. आवाज मूळ जर्मनच ठेवू, खाली इंग्रजी सबटायटल. डबिंगमध्ये संवादांची धार जाते. प्रोजेक्टर कूलरच्या झोतात नको, तुषार आत जातात. वीज गेली तर लॅम्प थंड झाल्यावरच, १० मिनिटांनी चालू करायचा. उरलेले ५ भाग पुढच्या दोन शनिवारी. तोवर शेवट कुणीही ग्रुपवर फोडू नये, ही कळकळीची विनंती.