आधी इंडक्शन, मगच साइटवर प्रवेश

सर्व सभासद कंत्राटदार व सुपरवायझर यांनी कृपया नोंद घ्यावी.

नवीन कामगाराला काम देण्याआधी सेफ्टी इंडक्शन, म्हणजे बांधकामाच्या साइटवरचे धोके आणि सुरक्षेचे नियम समजावून सांगणं, झालंच पाहिजे. रजिस्टरवर अंगठा घेतला म्हणजे इंडक्शन झालं, असं नाही! त्याला साइटवर फिरवून उघडे डक्ट, लिफ्टचा खड्डा दाखवा. परांचीवर लाल टॅग असेल तर चढायचं नाही, क्रेनच्या लोडखालून जायचं नाही, धोक्याचा भोंगा वाजला की कुठे जमायचं, हे त्याला कळेल त्या भाषेत सांगा आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट तोल जाताच आधी निसटतं.

पाहुण्यांनाही सूट नाही, साहेब असले तरी. त्यांना थोडक्यात सांगा, हेल्मेट-बूट द्या आणि सोबत माहीतगार माणूस ठेवा. खोदाई किंवा उंचावरचं काम नव्याने सुरू झालं, की सगळ्यांना पुन्हा सांगावं लागेल.