काका, तुम्ही खोडलेल्या ओळींबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

गेल्या वर्षी मे महिन्यात, लेकाची चौथी संपली त्या दिवशी, शाळेने मला बोलावून सांगितलं, "याच्यासाठी दुसरी शाळा बघा." अध्ययन अक्षमतेचं सरकारी प्रमाणपत्र हातात येऊन तेव्हा महिनाच झाला होता. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अडचण, जोडीला डिसग्राफिया म्हणजे लिहिण्याची. मी ते पुढे केलं, तर उत्तर आलं, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." सहकारनगरला परत आले ती जिन्यातच बसून राहिले. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन वर येत होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्यांनी हे लिहून दिलंय का? आणि तू लेखी काय दिलंस?"

काहीच नाही. वर्षभरात सहा वेळा जाऊन आले होते, सहाही वेळा तोंडी.

त्या रात्री मी अर्ज लिहिला. साडेतीन पानं. तो उशिरा बोलायला लागला इथपासून सगळं त्यात होतं. शेवटी 'कृपा करून सांभाळून घ्या, आपले उपकार विसरणार नाही.' सकाळी तुम्ही लाल पेन घेऊन बसलात. एका शाळेच्या कार्यालयात उभी हयात गेलेला माणूस, तुमचा हात झरझर चालला. पानंच्या पानं खोडली गेली तेव्हा मला राग आला होता, काका. ते माझ्या लेकाचं आयुष्य होतं. तुम्ही म्हणालात, "पोरी, दया मागितलीस तर ती करायची की नाही हे ते ठरवणार. जे आधीच ठरलेलं आहे, तेवढं माग."

मग ठरलेलं काय आहे ते समजावून सांगितलंत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 प्रमाणे अशी अडचण शक्य तितक्या लवकर ओळखायची आणि मुलाच्या गरजेनुसार सोय करायची. कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मी दोन वर्षं डॉक्टर, चाचण्या, थेरपी यांत फिरत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज अकरा ओळींचा झाला. बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, तोच हिशेब चाचण्यांना लावावा. प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी झेरॉक्स मिळावी. चार मुद्दे झाल्यावर तुम्ही पेन ठेवलंत आणि कॅरम मांडून बसलेल्या माझ्या लेकाला विचारलंत, "काय रे, तुला शाळेत काय नको वाटतं?"

तो सोंगट्या लावत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "उभं राहून वाचायला."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या लोकांनी त्याला तपासलं, त्याच्याकडून ठोकळे लावून घेतले, आकडे उलटे म्हणवून घेतले. हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. तुम्ही तो पाचवा मुद्दा म्हणून लिहिलात.

"दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर पोच. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही." खिडकीतून "ठेवून जा" असं दोनदा ऐकलं. मी पाऊण तास उभी राहिले. शिक्का उमटला तो आवाज अजून कानात आहे. नाहीच ऐकलं तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथे दाद मागता येते, हेही तुम्ही सांगून ठेवलं होतंत. ती वेळ आली नाही. आठव्या दिवशी बैठकीचा निरोप आला.

त्या बैठकीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि जवळजवळ काही बोललाच नाहीत. नुसतं लिहून घेत होतात. शेवटी कागद पुढे सरकवून म्हणालात, "बाई, एवढं ठरलं ना? मग सगळ्यांच्या सह्या करूया." बाहेर आल्यावर मी शाळेबद्दल वाटेल ते बोलायला लागले, तर मला थांबवलंत. "एका वर्गात पन्नास पोरं असतात. बाईंना हे कुणी शिकवलं नसेल." पाचवीला ज्या बाई मिळाल्या, त्यांनी चाचणीला प्रश्न वाचून दाखवताना लेकाला एकट्याला वेगळं बसवलं नाही, सगळ्या वर्गालाच वाचून दाखवले. त्यांचेही मी आभार मानते.

परतताना रिक्षात तुम्ही एक सांगितलंत, ते इथे लिहू का, असं मी मागच्या आठवड्यात विचारलं. तुम्ही मान हलवलीत म्हणून लिहिते. नोकरीच्या काळात अशा किती मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले तुम्ही स्वतः लिहिलेत. आईबाप यायचे, निमूट सही करून दाखला घेऊन जायचे. "शिक्का माझ्याच हातात असायचा," म्हणालात. मग स्वारगेटपर्यंत गप्प होतात.

काका, त्या मुलांचं मी काही करू शकत नाही. पण गेल्या वर्षात आणखी तीन आया माझ्याकडे अर्जाचा नमुना मागायला आल्या. तिघींनाही मी आधी मुलाला विचारून यायला सांगितलं.

आता सहावी. बाई नव्या, त्यामुळे अर्जही नवा. यंदा लेकाला विचारलं, काय नको वाटतं? म्हणाला, "वाचीन मी उभं राहून. पण कुठलं पान ते आदल्या दिवशी सांगायचं." पाचवा मुद्दा तसा बदलला आहे. मसुदा घेऊन रविवारी सकाळी वर येते. लाल पेन असू द्या.

आपली,
खालच्या मजल्यावरची